चोवीस व्होल्टची गाडी

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन लागतो. तो देणारं मशीन तिच्या पलंगाशेजारी दिवसभर घरघरत असतं. ते विजेवर चालतं, वीज गेली की इन्व्हर्टरवर चालतं, आणि तो इन्व्हर्टर मी बसवलेला आहे. नाशकात सातपूरला माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. तेव्हा तिच्या श्वासाची काळजी इतर कोणी करायचं कारण नाही, असं मी घरात सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं.

आक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पहिली नेमणूक हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावर. तिथे तिने अकरा वर्षं काढली, मग बदल्या होत होत नाशकात आली आणि इथेच निवृत्त झाली. मागच्या हिवाळ्यात त्या पाड्यावरच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मेळावा ठरवला. बाई आल्याच पाहिजेत, असा फोन आला. आणि जी बाई वर्षभरात जिना उतरली नव्हती ती कपाटातल्या साड्या पलंगावर मांडून बसली. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजनची सोय पक्की असेल तर जा. नळी नाकातून काढायची नाही, आणि एक सिलिंडर जवळ असू द्या.

मी म्हटलं, सोय माझ्याकडे लागली.

गाडी तयारच होती. दोन वर्षांपूर्वी निफाडचा एक द्राक्षवाला जुनी मिनीबस घेऊन दुकानात आला होता. त्याला त्यात पलंग, पंखा, फ्रिज, टीव्ही सगळं हवं होतं, बायकापोरांना घेऊन हिंडायला. ती गाडी इतकी झकास झाली की मलाच चटक लागली. एका कारखान्याने कामगारांची ने-आण करणारी मिनीबस मोडीत काढली, ती मी उचलली आणि आतून तसंच घर केलं.

घर केलं, हीच गोम होती. मला घरंच करता येतात. आमच्या धंद्यात एक रीत आहे: गिऱ्हाइकाला लागतो त्याच्यापेक्षा एक नंबर मोठा इन्व्हर्टर द्यायचा. आज दोन पंखे म्हणतो, उद्या त्यावर फ्रिज लावतो आणि शिव्या आपल्याला बसतात. त्या हिशेबाने मी गाडीत दुकानातला सगळ्यात मोठा बसवला. तो एका बॅटरीवर चालत नाही, बारा-बारा व्होल्टच्या दोन लागतात, एकीला एक जोडून चोवीस. सहा खोल्यांचं घर ओढेल असा. द्राक्षवाल्यालाही तोच दिलाय. त्याची आजवर तक्रार नाही, कारण तो जिथे उतरतो तिथे भिंतीला प्लग लावतो.

बिलाच्या पाठीमागे मी गणित केलं. दोन बॅटऱ्यांत किती, मशीनला तासाला किती. भागाकार केला, अकरा तास आले. जायला अडीच, यायला अडीच, मध्ये शाळेत लाइट आहेच. तो कागद मी भाचीपुढे टाकला. भाची म्हणजे आक्काची मुलगी. बँकेत कारकून आहे आणि आईजवळच राहते. तिने कागद नीट वाचला आणि म्हणाली, "मामा, सिलिंडर तरी घेऊ या. डॉक्टरांनी सांगितलंय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अर्ध्या सातपूरला मी बॅकअप देतो आणि माझ्याच बहिणीला सिलिंडर? तिने तो भरून आणून दारात ठेवला होता. मी स्वतः उचलून परत आत, पलंगाखाली सरकवला. ती आईची औषधं पिशवीत भरायला लागली. मला वाटलं, पटलं.

रविवारी सकाळी साडेआठला निघालो. गाडी मी गुरुवारी दुकानात पूर्ण चार्ज करून आक्काच्या इमारतीखाली लावून ठेवली होती. निघताना इन्व्हर्टरवरचे दिवे पाहिले. चारांपैकी दोन लागलेले. वरचे दोन लवकर विझतातच, म्हटलं. मशीन जोडलं, जिन्यापुरती काढलेली नळी परत लावली, आक्काच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. ब्याण्णव. तिचं एवढंच असतं, आणि तेवढं पुरतं. तिने जांभळी साडी नेसली होती आणि खिडकीपाशी अशी बसली होती जणू तपासणीला निघालेली साहेबीण. मी गाडी चालवत होतो, भाची मागे आईजवळ.

त्र्यंबक मागे पडलं. पुढे हरसूलच्या घाटात एका वळणावर गाड्या थांबल्या होत्या. गवताच्या पेंढ्या भरलेल्या ट्रकचा एक्सल तुटून तो रस्त्यावर आडवा झाला होता. मोटारसायकली कडेच्या गटारातून निघून जात होत्या, बाकी कोणाला वाट नव्हती. बघता बघता आमच्या मागेही रांग लागली. सुरुवातीला मी निवांत होतो. चहाचा थर्मास काढला. आक्काला म्हटलं, बघ, आपलं घर बरोबर आहे, टीव्ही लावू का? लावलासुद्धा.

पावणेअकराला इन्व्हर्टर टूं-टूं करायला लागला.

तो आवाज मी हजारो वेळा ऐकलाय. बॅटरी संपत आली, असं त्याचं म्हणणं असतं. गिऱ्हाइकाच्या घरात तो ऐकला की मी हसतो, लाइट येईलच म्हणतो. इथे मी घड्याळ पाहिलं. सव्वादोन तास झाले होते आणि कागदावर अकरा होते.

मी धावत मागे गेलो. टीव्ही बंद केला, फ्रिजचा प्लग काढला, पंखा बंद केला. दिवे बघितले, एकच लुकलुकत होता. मीटर लावला तर बॅटऱ्या खरंच तळाला गेलेल्या. चोरी होणं शक्य नाही, बॅटऱ्या नव्या, वायरी मी स्वतः ओढलेल्या. मग गेली कुठे वीज? गुरुवार ते रविवार गाडी नुसती उभी होती, काही चालू नव्हतं.

काही चालू नव्हतं? इन्व्हर्टर चालू होता. मी तो कधी बंद करतच नाही. दुकानात भिंतीवर मी पाटी लावली आहे, इन्व्हर्टर कधीही बंद करू नये. घरात ते बरोबर आहे. बॅटरीतली वीज घरातल्यासारखी करून द्यायची तर इन्व्हर्टर त्या कामाची मजुरी आधी स्वतःला काढून घेतो. समोर काही जोडलेलं असो की नसो, नुसता जागा राहण्याचेही घेतो. जेवढा मोठा इन्व्हर्टर तेवढी मजुरी मोठी, आणि समोरचं काम बारीक असलं तरी ती कमी होत नाही. घरात हे कोणाला कळत नाही, कारण तो भिंतीतून येणाऱ्या विजेवर खातो. गाडीत भिंत नव्हती. तीन दिवस त्याने बसून निम्म्याच्या वर बॅटरी खाल्ली होती. आणि जी उरली तिच्यावर मी माझ्या बहिणीला घाटात आणून बसवलं होतं.

कागदावरच्या त्या भागाकारात मी इन्व्हर्टरचं खाणं धरलंच नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत कधी धरलं नव्हतं.

"काय झालं रे?" आक्काने विचारलं.

"काही नाही. तू बटणाला हात लावू नको, मी बघतो."

मी पुढे जाऊन इंजिन चालू केलं. गाडीचं इंजिन चालू असलं की ते वीज तयार करतं, तिच्यावर बॅटरी भरता येते. कोणताही गॅरेजवाला हेच करेल. जंपर केबल हातात घेतली आणि तिथेच थांबलो. गाडीची वीज बारा व्होल्टची. माझा इन्व्हर्टर चोवीसचा. दोन्ही बॅटऱ्या सोडवून वेगवेगळ्या भरायच्या, तर तेवढा वेळ इन्व्हर्टर बंद ठेवावा लागणार होता. बाराचं चोवीस करणारं यंत्र मिळतं, पण आपण घर बनवतोय, त्याला कशाला हवं म्हणून मी घेतलं नव्हतं. मी बॉनेटला टेकून उभा राहिलो आणि स्वतःला इतक्या घाण शिव्या दिल्या की मागच्या जीपवाल्याने काच वर केली.

भाची खाली उतरली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. सिलिंडरचं नाव तिने घेतलं नाही. एवढंच विचारलं, "काय लागेल?"

"बारा व्होल्टवर चालणारा छोटा इन्व्हर्टर. घरात एका बॅटरीवर असतो तसला. कुठूनही."

मी असले छोटे इन्व्हर्टर विकायचे बंद केलेत. डबडी म्हणतो त्यांना.

घाटात रेंज नव्हती. भाची पदर खोचून वरच्या वळणापर्यंत पळत गेली. मेळावा ठरवणाऱ्या विद्यार्थ्याचा नंबर तिच्याकडे होता. त्याचं पाड्यावर किराणाचं दुकान आहे. ती परत आली तेव्हा तिला बोलायला दम नव्हता. त्याच्या दुकानात आहे, म्हणाली, सोडवून मोटारसायकलवर आणतोय, अर्धा तास लागेल.

अर्धा तास. मी मागे जाऊन आक्कासमोर बसलो. चिमट्यावर अठ्ठ्याऐंशी. मला वाटलं, हात थंड पडलाय म्हणून कमी दाखवत असेल. तिचा हात चोळला. ती म्हणाली, "अरे, मी ठीक आहे." मधे मधे थांबत म्हणाली. पंचाऐंशी झाले. मशीन तर चालू होतं. टूं-टूं आता सलग झालं होतं.

अकरा वाजून काही मिनिटांनी इन्व्हर्टर पडला. मशीनने एकदा किंकाळी फोडली आणि घरघर थांबली. ती घरघर थांबली की आमच्या घरात सगळे जिथे असतील तिथून पळत येतात. इथे पळत यायला कोणी नव्हतं, आम्ही दोघं तिच्यासमोरच होतो.

मेलेली बॅटरी दोन मिनिटं सोडली की जरा दम धरते, हे मला माहीत होतं. थांबलो, मनात साठ मोजले, पुन्हा साठ मोजले, इन्व्हर्टर चालू केला. मशीन घरघरलं. दीड मिनिट चाललं आणि पडलं. पुन्हा मोजले. या वेळी एक मिनिट. भाची आईच्या पाठीवर हात ठेवून "नाकाने घे, हळू सोड" म्हणत होती आणि तिचाच आवाज फाटत होता. चिमट्यावर एकोणऐंशी. आक्काच्या ओठांचा रंग गेला होता. माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते लिहायची लाज वाटते. मी देवाला बोललो नाही, डॉक्टरला बोललो नाही. लोक मला काय म्हणतील, असा विचार आला. एक क्षणभर का होईना, आला.

पाचव्यांदा इन्व्हर्टर चालूच झाला नाही. तेवढ्यात गटारातून मोटारसायकल आली. मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं डबडं होतं. चालवणारा पन्नाशीचा माणूस, पांढरी टोपी मेळाव्यासाठी नवी घेतलेली. तोच तो विद्यार्थी, मागे त्याची बायको.

"बाई कुठं हायेत?" एवढंच तो म्हणाला. मी बोट दाखवलं. तो पायरीपर्यंत गेला, आत बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली.

मी इन्व्हर्टर गाडीच्या पुढच्या बॅटरीला जोडला. लाल वायर, काळी वायर, पाना हातातून दोनदा पडला. भाचीने ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून इंजिन जरा जोरात ठेवलं. एक्स्टेंशन मागे ओढली, मशीनचा प्लग लावला. घरघर सुरू झाली आणि थांबली नाही. एक मिनिट, दोन, तीन. पुढे इंजिन, त्याच्यावर ते डबडं, त्याच्यावर मशीन. अडखळत नव्हतं.

पण चिमटा वर जाईना. ऐंशी, एक्याऐंशी, परत ऐंशी. मीटर लावून पाहिलं, वीज नीट येत होती. नळी पिळली गेलीय का पाहिलं, नाही. "मामा," भाची पुढून ओरडली, "का वाढत नाहीये?" माझ्या हिशेबाने जे यायला हवं होतं ते सगळं आलं होतं.

शेवटी मशीनसमोर गुडघ्यावर बसलो. पुढे काचेच्या नळीत एक गोळी असते, ती ज्या आकड्यावर तरंगते तेवढे लिटर. गोळी अर्ध्यावर होती. दोन नाही, एकसुद्धा नाही. अर्धा.

मी बटण फिरवून दोनवर आणलं. घाईत गोळी आधी चारवर उडाली. मग तिच्याकडे बघत बसलो. दहा मिनिटांत शहाऐंशी, मग एकोणनव्वद. ओठांवर रंग आला. ब्याण्णव दिसल्यावर मी बाहेर जाऊन गवताच्या ट्रकमागे पोटातलं सगळं ओकलो.

परत आलो तेव्हा ती पदराने कपाळ पुसत होती. "हे बटण कोणी कमी केलं?" मी विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "तो पहिल्यांदा ओरडायला लागला ना, तेव्हा. म्हटलं, मी कमी घेतलं तर तुझी बॅटरी पुरेल." आणि जरा थांबून, अगदी उत्साहाने, "पुरली ना थोडी तरी?"

आता खरं सांगतो. आमच्या त्या मशीनला बटण दोनवर आहे का अर्ध्यावर, काही फरक पडत नाही. आतला कॉम्प्रेसर तेवढाच फिरतो, वीज तेवढीच खातो. उरलेली हवा बाहेर सोडून देतो. पाऊण तास ती गुदमरत बसली आणि त्यातून माझी बॅटरी एक मिनिटही जास्त चालली नाही. पण तिचा तो चेहरा बघून माझं तोंड उघडलं ते भलतंच बोललं. "पुरली, आक्का. तेवढ्यावरच निभावलं."

बाराच्या सुमाराला ट्रक बाजूला ओढला. मी परत फिरू म्हणालो. ती म्हणाली, "उतरव मग मला, मी चालत जाते." विद्यार्थी पुढे मोटारसायकलवर, मागे आम्ही, इंजिनावर मशीन चालवत पाड्यावर पोचलो. शाळेत लाइट होती. चाळीसेक माणसं होती, बायका होत्या, त्यांची नातवंडं होती. आक्का खुर्चीत बसून बोलली. काय बोलली? घाटातली गोष्ट. भावाची बॅटरी संपत होती, तेव्हा मी बटण कमी केलं, आपल्यापुरतं थोडंच घ्यावं, मग सगळ्यांना पुरतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्याच्या घरी असलंच मशीन आलंय म्हणे, त्याच्या सुनेने पुढे येऊन कोणतं बटण ते विचारून घेतलं. आक्काने तिला हाताने फिरवून दाखवलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. भाची माझ्याकडे बघत होती. मशीनबरोबर आलेलं पुस्तक तिने वाचलेलं आहे. तरीही मी गप्प राहिलो.

साडेतीनला परत निघालो. घाट चढताना आक्का मागून म्हणाली, "आता घरी लाइट गेली तरी मला भीती नाही रे. काय करायचं ते कळलंय."

सकाळी भाचीला रेंज मिळाली होती त्या वळणावर मी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. मागे जाऊन तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. बटणाने काही वाचत नाही. इन्व्हर्टर मी चालू ठेवला होता. गाडी चुकीच्या व्होल्टची बनवली. सिलिंडर मी पलंगाखाली सरकवला. एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. विचारलं, "म्हणजे मी उगाच गुदमरले?"

"हो."

"आणि हे तुला मी शाळेत बोलत होते तेव्हा माहीत होतं?"

मी होकाराची मान हलवली. तिने मशीनची गोळी दोनवर आहे ना ते पाहिलं. मग भाचीला म्हणाली, "रेंज आहे का गं? त्याला फोन लाव." विद्यार्थ्याने फोन घेतला. आक्का दर चार शब्दांनी श्वास घेत बोलत होती. "मी मघाशी शिकवलं ते चूक आहे. बटण कमी करायचं नाही. कधीच नाही. त्या सुनेच्या घरी आत्ता जा, सांगून ये, आणि मला फोन कर. उद्या म्हणू नको, आत्ता."

तो काहीतरी म्हणाला. बहुधा, बाई, तुमची काय चूक, असं.

"चूक माझी नाही," आक्का म्हणाली. "माझ्या भावाला माहीत होतं. तो तिथेच उभा होता."

तिने फोन भाचीकडे दिला. विद्यार्थ्याचा परत फोन येईपर्यंत तिने गाडी हलवू दिली नाही. वीस मिनिटं आम्ही तिघं तिथे बसलो होतो, इंजिन चालू ठेवून.